बारावी फ्रेम

कुणी जोर लावला होता का?
हा माझा पहिला प्रश्न. सगळे नाहीच म्हणतात.
रेजिना तुस्कानोही नाही म्हणाली
आणि खटक्याच्या टोकाला पकडीचे ताजे ओरखडे.

बोरा बाजार, तिसरा मजला, दुपारचे साडेतीन.
गोराईहून बोटीने, मग काय काय बदलत
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलेला यॅशिका.
जुळ्या डोळ्यांचा. वरचा बघायला, खालचा घ्यायला.
वरच्यात बुरशीचं जाळं,
खालचा मिटलेला.
"सव्वीस वर्षं कपाटात होता. पप्पांचा."

हातिमभाई शिकवायचे, बिघाड आधी ऐकायचा,
मग बघायचा, हात सगळ्यात शेवटी.
कानाशी धरून हलवला. खुळखुळ नाही, स्क्रू जागेवर.
तबकडी पाचशेपासून एकपर्यंत फिरवली,
खाऱ्या हवेने करकरते, पण फिरते.
बटण दाबलं. मुकं.
खटका चाचपला. तो ओढलेलाच,
म्हणजे आतली स्प्रिंग
सव्वीस वर्षं श्वास कोंडून बसलीय.

इथे लोक स्प्रिंगला नावं ठेवतात.
ती बिचारी बहुधा निर्दोष असते, गुन्हा वंगणाचा.
कारखान्यात कुणीतरी लावलेलं तेलाचं बोट
आधी मध होतं, मग डिंक,
आणि पाती एकमेकींना सोडत नाहीत.
पण ही पाती कोरडी होती,
निळसर, पत्र्याच्या नव्या डब्यासारखी.

मग नजर गेली बाजूच्या बारक्या कांडीवर.
एम, एक्स, व्ही.
व्हीवरून निघालेली,
एक्सला न पोचलेली.

"ते काय?"
त्याने फोटो काढणाऱ्याला पळत जाऊन
स्वतःच्या फोटोत उभं राहता येतं. दहाएक सेकंद मिळतात.
जुन्या कॅमेऱ्यात त्याला हात लावू नये,
आधी तीच दातेरी चाकं दगा देतात,
हे मी दिवसातून दोनदा सांगतो.
तिला सांगताना मात्र अर्ध्यातच थांबलो.

मावशीचं लग्न, म्हणाली. उंबराचं पाणी आणायला निघालो होतो,
बँडवाले खोळंबलेले.
पप्पा धावत आले, आजीच्या मागे उभे राहिले,
उसना कोट, एक बाही दुमडलेली.
आम्ही हसत राहिलो. गाल दुखेपर्यंत.
मग कुणीतरी म्हणालं, झाला असेल, चला.
घरात त्यांचा एकच फोटो आहे,
मिठागराच्या ओळखपत्रावरचा.

झाला नव्हता.
डॉक्टर सांगतात तसं आम्हाला सांगता येत नाही.
बिलाच्या पाठीवर चाकांचं चित्र काढलं,
इथवर आलं, या दाताशी अडलं,
तीन सेकंद उरली होती, फार तर चार.

पुढचं भिंग उतरवून ठेवलं.
पंखा बंद केला.
सुईच्या टोकावर लायटरच्या पेट्रोलचा थेंब.
वाट पाहिली. आणखी एक.
टेबलावरचा दिवा जवळ ओढला, ऊब लागावी म्हणून.
खाली कुणी लग्नपत्रिकांचे गठ्ठे उतरवत होतं,
ती वाकून बघत होती, मीही,

आणि झर्रर्र

उरलेलं सगळं एका दमात धावलं
आणि पाती उघडून मिटली.

"रोल आत आहे ना?"
आहे. आकडा बारावर होता, मी पाहिलाही होता.
भिंग बसवून मगच सोडवायला हवं होतं.
चाळीस वर्षांच्या धंद्यात ही चूक
नवशिक्या पोऱ्यालाही मी करू दिली नसती.
भिंगाशिवाय काय उमटणार? उजेड.
त्यात कदाचित दोन डोक्यांचा काळोख.

अकरा येतील, म्हटलं, बुरशी ठेवेल तेवढे.
बारावा धरू नका.
"त्याचाही प्रिंट काढा," ती म्हणाली. "मोठा."

बिलावर लिहिलं: शटर सफाई.
एक सेकंदाचा स्पीड अजून दीड सेकंद घेतो.
शनिवारी या.