सुंभ

चोपडा स्टँडच्या फाटकाशी माझी टपरी.
उजव्या खांबाला सुंभ लोंबतो,
टोकाला बोराएवढा निखारा.
पहाटे पाचला स्टोव्हवर पेटवायचा,
यावलची शेवटची गाडी गेली
की पाण्याच्या डब्यात बुडवायचा. चर्र.
सव्वीस वर्षं. रोज हातभर जळतो.
एकदा गाडी लेट होती तेव्हा हिशेब केला :
गाव ओलांडून सूतगिरणीच्याही पुढे गेला असता.

मी स्वतः कधी ओढली नाही.
धंदा धंद्याच्या जागी.

जळगावच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला.
"दिवसाला किती?"
"एकही नाही."
त्यानं बायकोकडे पाहिलं.
"खरंच नाही हो," ती म्हणाली,
"हे फक्त विस्तव देतात."

त्याच पंधरवड्यात आगारानं भिंतीवर लिहिलं, लाल रंगात :
धूम्रपान करू नये. दंड दोनशे रुपये.
रंग वाळायच्या आत
भिंतीखालच्या बाकावर वाद पेटला.

झिपरू आप्पा म्हणाला,
"मना बाप नव्वद वरीस जगना भो, बिडी वढी वढी."
तोताराम गुरुजींनी विचारलं, "आणि माय?"
आप्पानं राख झटकली.
बराच वेळ झटकत राहिला.

खुमसिंग वैजापूरकडचा. म्हणाला,
"उन्हाळाभर आम्ही पहाटे जंगल तुडवतो,
टेंभुर्णीचं पान पान मोजून देतो.
कोणी ओढलीच नाही
तर पोरांची फी काय ही भिंत भरणार?"
याला कोणाकडेच उत्तर नव्हतं,
गुरुजींकडेही नाही.

"हवा काय कोणाच्या बापाची आहे?"
एक कॉलेजचा पोरगा ओरडला.
गंमत अशी, की दोन्ही बाजू
हेच वाक्य म्हणत होत्या.

मी ग्लास विसळत होतो.
खोकला माझा, उधारीच्या वहीतली नावं त्यांची.
कोणाच्या बाजूनं बोलू?

मग मे लागला. डांबर चपलेला चिकटायला लागलं.
जमना कंडक्टर गाडी लावून आली,
सातवा महिना, तिकिटाचं मशीन पोटावर टेकलेलं.
चहा घेतला आणि जाऊन उभी राहिली
पत्र्याच्या सावलीबाहेर,
रोजच्यासारखी.
दोन वर्षं मी हे बघत होतो.
मला वाटायचं, बाप्यांत बसायला लाजत असेल.

"आत ये ना पोरी, जागा आहे."
तिनं सुंभाकडे पाहिलं,
नाकाला रुमाल लावला,
आणि रुमालाआडून हसली.

तेव्हा दिसलं, उन्हात आणखी कोण कोण आहे.
नर्सिंगच्या दोन मुली, एका छत्रीत.
अडावदची बाई, कडेवर तान्हं,
त्याच्या टाळूवर ओला टॉवेल.
दम्याचे पंप घेऊन फिरणारे मोतीलालशेठ,
ज्यांना मी कंजूष समजायचो,
आत बसून एक चहासुद्धा घेत नाहीत म्हणून.
चार पत्रे मी घातले, कर्ज काढून.
सावली सगळ्यांची म्हणून घातले.

सुंभ उतरवला. डबा. चर्र.
दुपारी दीड वाजता.

बाक गप्प झाला.
आप्पानं खिशातून काडेपेटी काढली,
माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं,
उठून लांब लिंबाखाली गेला. मागोमाग तिघं.
दोन गिऱ्हाइकं समोरच्या टपरीवर गेली,
ती अजून परतली नाहीत.
खुमसिंग बसून राहिला,
न पेटवलेली बिडी बोटांत फिरवत,
पान कुठल्या डोंगराचं ते ओळखत असावा.

"सुंभ जळतो, पीळ जात नाही,"
गुरुजी म्हणाले.
मी खांबाकडे पाहिलं. दोरी गेली होती,
तिच्या धुराची काळी रेघ
छतापर्यंत तशीच होती.

जमना उंबऱ्याशी येऊन थांबली.
"येते काका," म्हणाली, "पण आज नको.
वास आहे अजून."
आणि लासूरच्या गाडीची घंटी मारायला गेली,
उन्हातून.