तळ आधी बघावा

ओदील ग्रोदिदिएनं वर्तमानपत्रातून काढलेला काचेचा गोळा
मी आधी उलटा केला.
ती दचकली. सगळेच दचकतात.
वरती एवढी फुलं असताना
हा म्हातारा बुडाशी काय हुंगतोय?

फुलं खोटं बोलतात, बाई.
एकानं नवी कांडी ओढली
की पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या भट्टीत तीच.
गुलाब दिसला की क्लिशी,
कोंबडा दिसला की बाकारा,
असं म्हणणाऱ्यांच्या जिवावर
लुनेव्हिलच्या बाजारात तीन दुकानं चालतात.

तळ मात्र कुणाला दाखवायचा नसतो,
म्हणून तो खरं सांगतो.
दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या रेघा
वेड्यावाकड्या असतात,
एकीचं दुसरीशी पटत नाही.
घासकागदानं काढलेलं म्हातारपण
शाळेच्या रांगेसारखं सरळ.

या रेघा भांडत होत्या. बरं वाटलं.

मग तराजू. मग पाण्याचं भांडं.
काच किती पाणी सारते, यावर बरंच ठरतं:
बाकारा जड, सेन-लुई जड,
क्लिशी त्या मानानं अंगानं हलकी.
ओदील आकड्यांकडे बघत नव्हती.
ती बोलत होती.
घर भावाला गेलं, हुबेरला.
द्राक्षांचा मळा विकला, त्यातलंही त्यालाच जास्त.
'तुला बाकारा दिलाय,' म्हणतो,
'आपली पणजी सेलेस्तीन तिथेच कांड्या मांडायची,
तिच्या हातचा आहे, मोल नाही त्याला.'
मोल नाही, हे शब्द
फुकट देणाऱ्याच्या तोंडी फार असतात.

भिंगातून पाहिलं.
तारीख नाही, अक्षर नाही, प्राणी नाही.
मलमलीसारख्या पांढऱ्या काचेवर
कांड्यांची पाच वर्तुळं,
आणि तिसऱ्यात एक हिरवी कांडी
आडवी पडलेली,
वर्गात झोपलेल्या मुलासारखी.
कुणीतरी चिमट्यानं ती ठेवली,
काच वर ओतली गेली, आणि चूक कायमची झाली.
त्या माणसाला
संध्याकाळी बोलणी बसली असतील का?

तळाच्या कडेला हिऱ्यानं कोरलेला
पुसट आकडा: सतरा.

'बाकारा नाही,' मी म्हणालो.
'क्लिशी. अठराशे पन्नासच्या आसपास.'

ती गप्प. मग हसली,
मग हसू अर्ध्यावर ठेवून म्हणाली,
'म्हणजे पणजीच्या घरात
शत्रूचा माल?'

मला सुचलं ते सांगितलं, अंदाज म्हणून.
कारखाने एकमेकांचे नमुने विकत आणत,
आकडे घालून कपाटात ठेवत,
बघून शिकायला.
सतरा नंबर कपाटातून
कुणाच्या तरी एप्रनच्या खिशात गेला असेल.
दिला गेला असेल. सांगता येत नाही.
आकडे कोरणारे कारणं कोरत नाहीत.

पावतीवर मी लिहिलं: क्लिशी, बहुधा.
'बहुधा'खाली तिनं नखानं रेघ ओढली.
हुबेरला हा शब्द दाखवायचा नाही, म्हणाली,
आणि गोळा पुन्हा वर्तमानपत्रात,
फुटबॉलच्या निकालांमध्ये.

दारापर्यंत गेल्यावर मी नेहमीचं सांगितलं:
खिडकीत ठेवू नका. हे भिंगच असतं,
ऊन गोळा करतं, पडदे जाळतं.

ती थांबली.
'आजीच्या टेबलावर नाण्याएवढा डाग आहे,
काळा, जळका.
चाळीस वर्षं आम्ही म्हणत आलो,
गास्तोंकाकाची सिगार.
त्यानं शपथा घेतल्या.
नाताळाला यायचाच बंद झाला.'

गास्तोंकाका आहेत अजून?

'एपिनालला. वृद्धाश्रमात. कानांनी कमी ऐकू येतं.'

तिनं हातमोजे घातले,
पुन्हा काढले,
आणि माझ्या टेबलावरचा फोन मागितला.