पेढ्यांचं देणं

तासगावच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल आहे. सव्वीस वर्षं टायपिंग.
आधी मशीन होतं, आता संगणक,
ज्याचा ‘ळ’ दाबला की दोनदा उमटतो.

मार्चात आमच्या चौघांची निवड झाली. विधी अधिकारी.
कुबेर मगदूमनं पाव किलो पेढे
माझ्याच टेबलावर उघडले. तीन मी खाल्ले.
शमशाद मुजावरनं काळा कोट धुऊन, इस्त्री करून
सांगलीत शिकणाऱ्या मावसबहिणीला दिला.
तेजस्विनी ऐवळेनं बाररूममधली खुर्ची सोडली, उशीसकट.
विश्वंभरनं काही दिलं नाही कुणाला,
पण माझी उधारी चुकती केली. त्याच्या मानानं पुष्कळ.

रुजू व्हायच्या आदल्या बुधवारी पत्र आलं.
‘प्रशासकीय कारणास्तव सदर नियुक्त्या रद्द.’
खाली सही नाही. नुसतं:
मूळ प्रतीवर स्वाक्षरी आहे.

जन्मभर हेच टंकत आलोय मी,
सदर, उपरोक्त, सबब.
पण एका ‘सदर’मध्ये चार पोरं मावतात
हे तेव्हा दिसलं.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही.
मग शमशाद आली, ओढणी डोक्यावरून घट्ट घेऊन.
“काका, बायोडाटा टंकायचाय. पुण्याला पाठवीन कुठेतरी.”
अनुभवाच्या रकान्यापाशी अडली.
“काय लिहू? दोन वर्षं तारखा मागितल्या.”
“मिळाल्या ना?” मी म्हटलं.
हसली नाही.

माझ्याकडे कोण येतं ते मला ठाऊक.
बेदाण्याचे व्यापारी येतात, न वटलेले चेक पिशवीत घालून.
सातबाऱ्यावर ज्यांचे आजोबा अजून जिवंत आहेत असे नातू येतात.
सावळजची एक बाई येते,
तिच्याकडे पोटगीचा आदेश आहे,
पोटगी नाही.
वकील कोण बघू, हे मलाच विचारतात सगळे,
बांगडीवाल्याला स्थळ विचारावं तसं.
आजवर मी बड्यांची नावं सांगायचो.
दिवाळीला त्यांच्याकडून डबा यायचा,
खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी बायोडाटा तसाच ठेवला
आणि सावळजच्या बाईला म्हटलं, ही बघा तुमची वकील.

कोट परत आणला तेव्हा बहिणीनं बाह्या आखूड केलेल्या.
मनगटं उघडी टाकूनच शमशाद उभी राहिली.
पहिली फी: तीनशे रुपये
आणि वर्तमानपत्रात बांधलेला हिरवा बेदाणा.

चेकवाले कुबेरकडे धाडले. त्याचा बाप अडत दुकानात दिवाणजी,
व्याजाचा आकडा पोराला झोपेतही चुकत नाही.
वारसाच्या नोंदी तेजस्विनीला.
तलाठी सहा वाजेस्तोवर आला नाही
तरी ती तिथंच बसून असते,
पायरीवर, स्वतःची उशी घेऊन.

बाररूममध्ये मला दलाल म्हणाले.
एकानं तोंडावर विचारलं, किती टक्के?
म्हटलं, आगाऊ घेतलंय मी. तीन पेढे.

विश्वंभर मात्र आला नाही.
दोनदा फोन केला, उचलला नाही.
तिसऱ्यांदा म्हणाला, काका, मला असं वाटून दिलेलं नको.
मी गप्प बसलो. त्याचंही बरोबर असेल.

परवा मणेराजुरीचा एक जण नोटीस घेऊन आला,
पुण्याच्या कुठल्याशा वित्त कंपनीची.
खाली वकिलाची सही: विश्वंभर खराडे.
अक्षर तेच, मागं झुकलेलं.
तेजस्विनीनं दोनदा वाचली. “मुद्दा पक्का काढलाय,” म्हणाली,
आणि उत्तर सांगायला बसली.

मी टंकत गेलो. ‘सदर इसम’ आलं,
ते पुसून माणसाचं नाव घातलं, बापाच्या नावासकट.
तिनं पाहिलं, बोलली काही नाही.

छापून निघालं तर शेवटी: अ‍ॅड. तेजस्विनी ऐवळळे.
पुन्हा छापतो, म्हटलं. कागदाचे दोन रुपये वाचवू, म्हणाली,
जास्तीचा ‘ळ’ पेनानं खोडला
आणि खोडल्याच्या शेजारी
बारीक सही केली.