डावखुरा

बारबार हे गावाचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं
तेव्हा मला बारव ऐकू आलं.
मनामातल्या ऑफिसात फोटो दाखवला त्यांनी:
पायऱ्या, खाली, अजून खाली,
तळाला दगडी चौकोन.
म्हटलं, हे आपलंच काम.

चार हजार वर्षांचं देऊळ.
एक नाही, तीन. झहराबाई सांगतात,
पहिलं बुजवून दुसरं, दुसऱ्यावर तिसरं.
चूल तीच, पोतेरा नवा.
छप्पर गेलं, मूर्ती नाही.
मधोमध दोन गोल ओटे, एकमेकांना खेटून,
आणि भोकं पाडलेले उभे दगड;
इथं जनावरं बांधत असतील
किंवा आणखी काही.
मातीत पुरलेल्या माणसाला विचारायची सोय नाही.

मी दरजा साफ करतो.
मधे कुणीतरी सिमेंट कोंबून गेलंय सांध्यांत.
सिमेंट समुद्राचं मीठ आत कोंडून ठेवतं
आणि दगड आतून पिठूळ होत जातो.
चुना तसा नाही, चुना मीठाला वाट देतो.
दगड पलीकडच्या बेटावरून होडीनं आणलेला.
काळ्या पाषाणावर हात वाढलेल्याला
हा म्हणजे खवा.

पहारेकरी अब्दुन्नबी सावलीत बसून
खजुराच्या बिया एका डब्यात साठवतो, का ते सांगत नाही.
त्याचा बाप या गावच्या झऱ्यात पोहायला शिकला.
आता हौदात वाळू आणि एक प्लॅस्टिकची चप्पल,
डाव्या पायाची.

शुक्रवारी अण्णांचा फोन.
"देऊळ कुणाचं?"
"ठाऊक नाही. पाण्याच्या देवाचं असावं."
"पाणी आहे?"
"नाही."
"मग देव बसतो कुठं?"
मी म्हटलं, सरकारनं कुंपण घातलंय भोवती.
ते हसले, मग खोकत राहिले,
मग रेंज गेली.

पायात मातीचे पेले सापडले होते म्हणे,
निमुळते, हातात मावतील एवढे,
ठेवून वर भराव टाकलेला.
बाई म्हणतात, विधी.
मला वाटतं, आधी पिऊन घेतलं असेल सगळ्यांनी.
पायाभरणी कुठे कोरडी होते?
आमच्याकडे नारळ, सुपारी, तांब्याचं नाणं.
अण्णांना मात्र कधी पाया पुजू दिला नाही कुणी.
डावखुरे ते. सगळ्या तालुक्यात त्यांच्यासारखा सांधा
कुणाला जमत नसे,
पण मुहूर्ताला नारळ दुसऱ्याच्या हातात.

बुधवारी सहाव्या पायरीचं सिमेंट निघालं.
मागचा दगड उघडा झाला,
चार हजार वर्षांत ऊन न लागलेला.
टाकीचे वार अजून ताजे.
बोट फिरवलं.
आपले वार उजवीकडून खाली उतरतात.
हे डावीकडून.

पुन्हा फिरवलं बोट.
पाण्याची बाटली ओतून धुतला,
बॅटरी आडवी धरून पाहिला.
डावीकडूनच.
बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं,
आकडा घातला, फोटो काढला.
मग दोघंही थोडा वेळ नुसतेच बसलो उकिडवे.
कोण होता, कुणी जेवायला हाक मारायचं का त्याला,
पेला त्याच्या हातात दिला की नाही,
हे काही दगडावर नव्हतं.

शेजारचा फुटका चिरा बदलायचा होता.
नियम असा की नवा दगड नवाच दिसावा,
आणि मागच्या, न दिसणाऱ्या अंगावर साल कोरावं.
साल कोरलं.
ऊन कलत होतं. अब्दुन्नबी फाटक लावायला उठला.
मी हातोडा डाव्या हातात घेतला.
पहिला वार अंगठ्यावर बसला.
दुसरा सरकला.
मग तीन रेघा उमटल्या, नवशिक्याच्या,
डावीकडून खाली येणाऱ्या.

चुना लावला, चिरा बसवला,
दरज भरली.
अंगठा अजून निळा आहे.
अण्णांनी विचारलं तर सांगेन,
काम चालू आहे.