ओळ ४१२७

नळस्टॉपच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर,
गुरुवारी वीज नसते. इन्व्हर्टर असतो,
त्याच्या जिवावर मी बोलींचा कोश तपासत बसते.
अठरा हजार नोंदी.
प्रत्येकीचा टॅग उघडायचा, आठवणीनं मिटायचा,
आतलं बाहेर सांडू द्यायचं नाही,
पिशवीत आमटीचा डबा असल्यासारखं.

स्कीमा माझाच, दोन वर्षांपूर्वीचा.
तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.
शब्द: एक, हवाच.
गाव: हवंच.
अर्थ: किमान एक, जास्त कितीही.
उदाहरण असलं तर असलं.

दोनशे चौदा चुका. त्यातली ही, ओळ ४१२७:
'नोंद अपुरी. येथे अर्थ अपेक्षित आहे.'

वेल्ह्याच्याही वरून पासलकर मास्तरांनी धाडलेला कागद.
शब्द: ह्युर्रोऽ
(तो ऽ त्यांनी पेनानं ओढत नेलाय पार समासापर्यंत;
मी एकच टाईप केलाय, बसतो तेवढा.)
सांगणार: ठकूबाई मरगळे. वय: विचारलं नाही.
अर्थ: कोरं.

फोन लावला. मास्तर, अर्थ राहिलाय.
राहिला नाही, म्हणाले, विचारला होता.
ठकूबाई हसली नुसती.
म्हणाली, अर्थ कशापायी? म्हशीला कळतंय की.
पुढचं रेंजनं खाल्लं.

शेजारून शार्दूल: डॅश टाक ना एक.
त्याला काय, काहीतरी भरलेलं दिसलं की झालं.
टाकला.
हिरवं. वैध.
चहा निवेपर्यंत त्या हिरव्याकडे बघत राहिले.
ठकूबाईच्या तोंडी मी एक आडवी रेघ घातली होती.
काढली.

मग वाटलं, नियमच सैल करावा.
किमान एक खोडून किमान शून्य. चालवलं.
दोनशे चौदाच्या दोनशे चौदा
एका दमात पास झाल्या,
कॉपीला मोकळीक दिलेल्या वर्गासारख्या.
कुणी 'नंतर पाहू' म्हणून सोडलेल्या,
कुणाच्या बसची वेळ झाली म्हणून सोडलेल्या,
आणि अकरा माझ्या,
दिवाळीच्या आदल्या रात्री उरकलेल्या.
ठकूबाईच्या रिकाम्या जागेत
आम्ही सगळे दाटीवाटीनं शिरून बसलो होतो.

शून्याचा पुन्हा एक केला.
खाली नवीन ओळ लिहिली:
अर्थ, नाहीतर हाक. दोन्हीतलं एक हवंच.
आणि हाक म्हटली की कुणाला, केव्हा,
हेही सांगावं लागेल. सुटका नाही.

साडेचारला मास्तरांचा मेसेज आला:
'म्हशींना. दिवस कलला की. धुकं धरलं तर आधीच.'

भरलं. चालवलं.
एक हिरवी. दोनशे तेरा लाल.
बरं वाटलं, त्या लालीचंसुद्धा.

वीज आली तेव्हा पंखा दचकून फिरायला लागला.
पंख्याच्या आवाजाआड मी ते एकदा म्हणून पाहिलं,
हळूच, पण ऽ पूर्ण ओढून,
कागदावर होता तेवढा.

शार्दूलनं हेडफोन काढला:
मला बोलावलंस?

नाही, म्हटलं.
पुढची ओळ ४३०९.
शब्द आहे, गाव आहे.
अर्थ माझ्याकडूनच राहिलेला.