राजीखुशीची यादी

अमळनेरला, स्टेशनमागच्या खोलीत बसून
मायच्या बिबड्यांना मी गिऱ्हाईक शोधत होतो.
जाहिरातीला पैसे नव्हते,
म्हणून फुकटच्या यादीत नाव घातलं.

नियम सोपा.
तू माझं पत्र उघड, मी तुझं उघडतो.
उघडून दहा सेकंद थांबायचं,
कोपऱ्यात आकडे उतरतात, दहा, नऊ, आठ,
शून्याला एक गुण.
शंभर गुण साठले की आपलं पत्र
तीन हजार जणांना जातं,
जे त्या वेळी
आपापले आकडे उतरायची वाट बघत असतात.

सगळे राजीखुशीने आलेले. जबरी कुणावरच नाही.

मी उघडत गेलो:
पोट उतरवणारी पावडर,
झोपेतली कमाई,
यादी वाढवायची कशी ते शिकवणारा वर्ग,
तो वर्ग विकायचा कसा ते शिकवणारा दुसरा.
उघडून मी दाढी करायचो. एकदा तर चहा उकळून आलो.

मग माझं गेलं.
'ज्वारीच्या बिबड्या, गच्चीवर वाळवलेल्या.'
दोन हजार एकशे बारा जणांनी उघडलं!
पुढची पत्रं हवीत म्हणून पत्ता कुणी दिला?
एकाने.
तो मीच, चालतंय का बघताना.

लग्नातला तो मोरपंखी ब्लाऊजपीस आठवला.
पारोळ्याच्या मावशीकडून आलेला,
मायने तो धुळ्याला आहेरात दिला,
धुळ्याहून चोपड्याला गेला,
आणि चार वर्षांनी त्याच घडीत, त्याच टाचणीसकट
आमच्या कपाटात परत.
कुणी शिवला नाही.
आहेराच्या वहीत मात्र सगळ्यांचं फिटलेलं.

"कोनी वाचत नही, तर धाडस कसाले?" माय म्हणाली.
धाडस.
तिच्या अहिराणीत, तू धाडतोस.
माझ्या शाळेच्या मराठीत, ज्याला छाती लागते ते.
दोन्ही अर्थांनी मी गप्प बसलो.

मे महिन्यात एका दुपारी नेट अडकलं.
आकडा सहावर थांबला तो हलेचना.
करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून वाचलं.

'धरणगावहून सुपडू वाणी.
रोज एक मोडी अक्षर, फुकट.
घरात जुनं खरेदीखत असेल तर फोटो पाठवा,
राजीखुशीने, अक्कलहुशारीने काय लिहून दिलंय
ते वाचून सांगेन.
कालच्या ल ला कोणी दाद दिली नाही.
तरी आज, ळ.'
खाली बोरूने काढलेलं अक्षर,
काढणारा हात वळणावर जरासा कापलेला.

मी लिहिलं: काका, खरेदीखत नाही, शेतच नाही.
पण आमच्या गावाच्या बरोब्बर मधोमध
तुमचं आजचं अक्षर आहे.

दोन दिवसांनी उत्तर:
'गुणांसाठी लिहिलं असेल
तर उत्तराला गुण नसतात, सांगून ठेवतो.'
माहीत आहे, म्हटलं.
'मग बिबड्या कशा दिल्या?'

पार्सल पोस्टाने गेलं. पोस्टाने जसं जातं तसं गेलं.
'निम्म्या मोडल्या,' त्यांनी कळवलं,
'काळजी करू नका, माझं सगळं मोडीच.
पुढच्या वेळी तिखट कमी.
आणि पुढचं पत्र पाठवत जा, गच्चीचं लिहिता ते बरं वाटतं.'

गच्चीचं मी एकाच ओळीत लिहिलं होतं,
चिमण्या येतात म्हणून माय
काठी घेऊन सावलीत बसते, एवढंच.

"कितला झायात?" संध्याकाळी मायने विचारलं.
एक.
तिने पिठाचे हात पदराला पुसले.
"तो वाचस का?"
वाचस, मी म्हटलं.

त्या खिडकीत आकडा अजून सहावरच होता.
नेट तर केव्हाच आलं होतं.