अर्धा सूर खाली

जालना, सोन्याचा पालना, असं म्हणायचे.
आता लोखंडाचा आहे, आणि रात्री वितळतो.
तिसऱ्या गल्लीत भंगाराचे ट्रक रांगेनं उभे:
फुटके पंखे, पत्र्याचे डबे,
कुणाची तरी तिजोरी, दार नसलेली.
मी वजनकाट्यावर पावत्या फाडतो
आणि बाराच्या भोंग्यानंतर
काट्यामागच्या पत्र्याच्या खोलीत बास वाजवतो.
भट्टी शेजारीच.
आवाज कमी करा म्हणायला कोण येणार?

आम्ही चौघं. नाव 'सळई'.
गिटारवर रेवण, बियाण्याच्या दुकानातून सुटला की येतो,
बोटांना औषध लावलेल्या बियांचा गुलाबी रंग.
ड्रमवर नईम. त्याच्या अब्बांचा वरातीचा बँड,
त्यामुळं हात आपोआप नाचायला लागतो,
तो सरळ करण्यात एक वर्ष गेलं.
आणि करुणा वाहुळ, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
बोलते हळू. पण ती वरचा सूर लावते तेव्हा
काट्याचा आकडा हलतो.
शप्पथ, वीस किलोनं.

शिकलो एका कॅसेटवरून.
मिशन दवाखान्यात जनरेटर सांभाळणाऱ्या फिलिप साळव्यांनी
शहाऐंशी साली, छोट्या लाइनीच्या गाडीनं,
सिकंदराबादहून भरून आणलेली.
गाण्यांची नावं नाहीत.
कव्हरवर बॉलपेननं एकच शब्द: जोरात.
आधी खरखर. मग दोन गिटारी
पाठीला पाठ लावून धावतात,
मग तो गळा, काच तासावी तसा.
काहून एवढं जुनं वाजवू राहिले, पोरं विचारतात.
रेवण म्हणतो, नवं तर सगळ्यांकडंच आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मधे
अकरा सेकंद रिकामे. त्यात एक बाई बोलते,
जाड, झोपाळू, विहिरीतून आल्यासारखी:
अहो, दूध उतू चाललं.
आम्ही तेही पाठ केलं.
करुणा तेवढं म्हणायची, मग नईम काड्यांवर चार मोजायचा.

परवा फिलिपकाका ऐकायला आले, कानात कापूस घालून.
तीन गाणी मान हलवली.
करुणा म्हणाली, अहो, दूध उतू चाललं.
काकांनी कापूस काढला.
हे कुठलं?
आम्ही टेप लावला.
पुन्हा लावा, म्हणाले. पुन्हा.
एस्तेर आहे. पण तिचा आवाज असा नव्हता रे.
बारीक होता, चिमणीवाणी.
हे कोण बोलू राहिलं?

त्यांनी टेप पालथा घातला. चार स्क्रू.
आत आमचंच पाप:
पट्टा तुटला तेव्हा नईमनं बसवलेलं
सायकलच्या ट्यूबचं रबर. ढिलं.
तीन वर्षं कॅसेट हळू फिरत होती,
तीन वर्षं आम्ही तारा सैल करून
त्या ढिलेपणाशी सूर जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी ते नवा पट्टा घेऊन आले.
अहो, दूध उतू चाललं.
बारीक. घाईत. अगदी शेजारच्या खोलीतून.
काका हसले की काय, कळलं नाही,
पाठमोरे होते.
मग चौथं गाणं लागलं,
चपळ, उंच, आमचं नसलेलं,
आणि आम्ही चौघं
चुकून दुसऱ्याच लग्नात जेवायला बसल्यासारखे.

रेवणनं तारा पिळायला घेतल्या. एक तुटली.
करुणा म्हणाली, राहू दे.
माझा गळा इथंच बसलाय.

कॅसेट आणि टेप काकांना देऊन टाकला.
रबर ठेवलं. ते नईमच्या मनगटावर असतं,
घाम आला की पंक्चरच्या दुकानासारखा वास मारतं.
शनिवारी मंगल कार्यालयात कार्यक्रम आहे,
मुहूर्त नाही म्हणून स्वस्तात मिळालं.
तिसऱ्या गाण्यानंतर अकरा सेकंद गप्प राहायचं.
ते वाक्य आता म्हणणार नाही, करुणानं सांगितलंय.
नईम मोजेल,
मनगटाकडं बघत.